बेस गिटारचा जीर्णोद्धार

वाद्य एकदा घडले की ते कायमचे घडले, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी नवतप्याच्या दिवसांत गोंदिया शहराला खेटून असलेल्या कुडव्यात यावे, एखाद्या घरी भिंतीला टेकवून ठेवलेली स्वस्तातली बेस गिटार उचलावी आणि तिच्या दांडीच्या कडेवरून तळहात हळूच फिरवून पाहावा. गेल्या श्रावणात गुळगुळीत लागणारी ती कड आता जागोजाग टोचते, याची प्रचीती त्यांना तत्काळ येईल. धातूच्या फ्रेटपट्ट्या वाढलेल्या नसतात; त्यांच्याखालचे लाकूड आक्रसलेले असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो आणि दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते. पुढे पाऊस स्थिरावून धानाच्या बांध्या तुडुंब भरल्या की तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. कोरड्या हवेत पुरेसा काळ राहिलेले लाकूड आपल्या वजनाच्या चार-पाच टक्के एवढेच पाणी धरून ठेवते, दमट हवेत पंधरा-सोळा टक्के. आणि दांडीवरचे रोगण ही देवघेव मंदावू शकत असले, तरी तिला कायमची बंदी घालणे त्याच्या अखत्यारात नसते. लांबीच्या दिशेने लाकडाच्या मापात पडणारा फरक नगण्य असतो, परंतु रुंदीच्या दिशेने तो डोळ्यांना दिसण्याइतका पडतो, आणि धागा सरळ नसेल तर दांडी वाकते, कित्येकदा पिळतेही.

जुन्या आखूड बेसवर थोडा द्रव्यव्यय करून तिला पुन्हा कामास लावावे, असा विचार आमच्या भागातील होतकरू वादकांच्या मनात वारंवार येतो. आणि तसा विचार करणारा बहुधा प्रथम पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत उतरवणारा भाग, बदलायला निघतो, कारण पिकअपची जाहिरात होते आणि दांडीची होत नाही. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ज्या हवेत आपण राहतो तिच्यात प्रथम दांडी बिघडते; आणि दांडी बिघडलेल्या वाद्यावर बसवलेला उत्तम पिकअप त्या वाद्याचा बेसूरपणा अधिक स्पष्टपणे लोकांच्या कानी पोहोचवण्यापलीकडे काही करीत नाही.

प्रथम या वाद्याची ओळख. बेस गिटारला सामान्यतः चार तारा असतात आणि त्यांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ आंदोलने, तर सर्वांत बारीक तार ९८ आंदोलने करते. श्रोत्याचे लक्ष तिच्याकडे क्वचितच जाते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस ज्यांनी आयुष्यभर ऐकला, त्यांतल्या बहुसंख्यांना हे नाव सांगता येणार नाही. पण तो काढून घेतला असता तर त्या गाण्यांचा पायाच खचला असता. तारेची वाजती लांबी, म्हणजे दांडीच्या टोकाला असलेल्या नटपासून घोडीपर्यंतचे अंतर, ३४ इंच असेल तर ती लांब स्केलची आणि सुमारे ३० इंच असेल तर आखूड स्केलची बेस मानली जाते. आखूड बेस म्हणजे मुलांसाठी केलेली धाकटी आवृत्ती, असा एक समज दुकानदारांनी रूढ केला आहे, तो इतिहासाला धरून नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास जी फ्रेटयुक्त विजेची बेस घडवली तिची वाजती लांबी तीस इंचांहून किंचितच अधिक होती; लिओ फेंडर यांची ३४ इंचांची प्रिसिजन बेस त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९५१ साली, बाजारात आली. व्हायोलिनच्या आकाराची जी जर्मन हॉफनर बेस पॉल मॅकार्टनी यांच्या हाती सर्व जगाने पाहिली ती ३० इंचांचीच होती, आणि फेंडर कारखान्यानेही १९६६ मध्ये मस्टँग नावाची आखूड बेस काढून या मापाला मान्यता दिली.

लांबी कमी केल्याने काय होते, याचे गणित सरळ आहे. तीच तार त्याच स्वराला लावायची असेल तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३४ वरून ३० इंचांवर आले की ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. लांब बेसच्या चार तारा मिळून दांडीला ७५ ते ८० किलोग्रॅमच्या बळाने ओढीत असतील, तर आखूड बेसवर हा भार साठाच्या घरात येतो. पट्ट्यांमधील अंतरे लहान झाल्याने बोटे कमी फाकावी लागतात, आणि नवशिक्याला किंवा लहान हाताच्या वादकाला हे सुख मोठे असते. पण सुखाची किंमत कुठेतरी वळती होतेच. सैल तार फ्रेटवर आपटून खरखरते. ती खरखर टाळण्यासाठी जाड तार घेतली तर आखूड लांबीवर तिचा ताठरपणा अधिक बाधतो, वरचे स्वरांश मूळ स्वराशी पूर्णपणे जुळत नाहीत, आणि सर्वांत खालच्या तारेचा नाद भरदार पण धूसर होतो. हा धूसरपणा लक्षात ठेवावा. पिकअपच्या प्रकरणात तोच मुख्य फिर्यादी आहे.

आता दांडी. ती बहुधा मेपल या कठीण परदेशी लाकडाची असते आणि तिच्या पोटात एक पोलादी कांब पुरलेली असते. गिब्सन कारखान्यातील थॅडियस मॅक्ह्यू यांना १९२३ साली या कांबीचे एकस्व मिळाले, आणि तेव्हापासून तारांच्या ओढीला उलट ओढ देऊन दांडीचा बाक हवा तेवढा राखण्याची मुभा कारागिराला प्राप्त झाली. दांडी अगदी सरळ असून भागत नाही, कारण कंप पावणाऱ्या तारेला मध्यभागी थोडी मोकळीक लागते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली असता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास फट राहावी, एवढा बाक पुरेसा असतो. फट याहून जास्त असेल तर अ‍ॅलन पान्याने कांब पाव फेरा कसावी, कमी असेल तर पाव फेरा सैल करावी, रात्रभर वाट पाहावी आणि पुन्हा मोजावे. हा उपाय बिनखर्चाचा आहे, आणि ज्या दांड्या लोक टाकाऊ ठरवतात त्यांतल्या कित्येक एवढ्यानेच मार्गावर येतात. नवी दांडी आणण्याची तजवीज करावी ती कांब शेवटपर्यंत कसूनही बाक जात नसेल तेव्हा, कांबीच्या नटचा पेच आतल्या आत फिरत असेल तेव्हा, किंवा दांडी एका बाजूला पिळली असेल तेव्हा; कारण पिळावर कांबीचा इलाज चालत नाही. फ्रेटची टोके बाहेर आली असल्यास ती बारीक कानशीने घासता येतात, त्यासाठी संपूर्ण दांडी बदलणे हा अपव्यय होय.

या ठिकाणी मिरजेची आठवण होणे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रे घडवणाऱ्या आणि पाजवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तेथे सतार आणि तंबोरे घडवण्याचा उद्योग सुरू केला. त्या घराण्यांच्या पुढच्या पिढ्या आजही हेच काम करतात आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. सतारीची दांडी पोकळ असते, तिच्यात पोलादी कांब नसते, आणि ती हवेने वाकत नाही असेही नाही; परंतु तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे वादक प्रत्येक पडदा वरखाली सरकवून सूर जुळवून घेतो. ऋतूने केलेला अन्याय तेथल्या तेथे निवारण्याचा अधिकार वादकापाशीच असतो. गिटारच्या दांडीत फ्रेटपट्ट्या कायमच्या ठोकलेल्या असतात. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागून प्रत्येक फ्रेटची जागा काढण्याचा जो नियम आहे त्याच्या काटेकोर हिशेबाने त्या बसवतात, आणि एकदा बसल्या की त्यांच्या निर्णयावर अपील नाही. पहिला फ्रेट आखूड बेसवर नटपासून ४२.८ मिलिमीटरवर येतो, लांब बेसवर ४८.५ मिलिमीटरवर, बारावा फ्रेट मात्र दोन्हींवर अर्ध्या अंतरावरच असतो, आणि या एका गोष्टीमुळे दांडी बदलणाऱ्याचे काम फार सुलभ होते.

दांडी बदलण्याची सोय मुळात कोणी केली, हेही पाहण्यासारखे आहे. लिओ फेंडर वादक नव्हते. १९३८ पासून कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते, आणि जे यंत्र दुरुस्त करता येत नाही ते त्यांच्या दृष्टीने सदोष असे. म्हणून त्यांनी दांडी सरसाने कायमची न चिकटवता चार स्क्रूंनी आणि एका लोखंडी पाटीने धडाच्या खोबणीत घट्ट बसवली. व्हायोलिनच्या परंपरेत वाढलेल्या कारागिरांना हा प्रकार सुतारकामातला वाटला असेल तर नवल नाही. तथापि कुडव्यातल्या माणसाला स्वतःच्या हाताने दांडी बदलता येते ती या रेडिओमेकॅनिकच्या कृपेने. उलटपक्षी हॉफनरची आणि गिब्सनच्या जुन्या ईबी वर्गातली दांडी सरसाने जोडलेली असते. ती सोडवणे तज्ज्ञाचे काम आहे आणि स्वस्त वाद्यावर तो खर्च निघत नाही. आपले वाद्य कोणत्या जातीचे आहे ते पाठीमागची पाटी आणि चार स्क्रू पाहून क्षणात कळते.

पाटी असेल तर मोजपट्टी हाती घ्यावी आणि जुन्या दांडीचा पूर्ण तपशील कागदावर उतरून घ्यावा. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर ३८१ मिलिमीटर आले तर वाद्य बरोबर ३० इंचांचे आहे. थोडे कमीअधिक आले तर ज्या मापाचे आहे त्याच मापाची नवी दांडी शोधावी. लांब बेसची दांडी सहज मिळते म्हणून ती आखूड धडावर चढवण्याचा मोह होतो, परंतु तिचा बारावा फ्रेट नटपासून ४३२ मिलिमीटरवर असल्यामुळे घोडीही तेथून तितकीच दूर न्यावी लागेल, आणि आखूड धडावर तेवढी जागा बहुधा नसते. दुसरे माप दांडीच्या बुडाच्या रुंदीचे. फेंडरच्या लांब बेसची खोबण अडीच इंचांची, म्हणजे ६३.५ मिलिमीटरची असते. आखूड बेसांत हे माप कंपनीगणिक बदलते, म्हणून दुकानदाराच्या ‘बसेल साहेब’ या आश्वासनावर न जाता खोबण स्वतः मोजावी. नवी दांडी किंचित रुंद असेल तर तिच्या कडा घासता येतात. अरुंद असेल तर ती खोबणीत डुलते आणि तारा एका बाजूला घसरतात. तिसरे माप बुडाची जाडी आणि शेवटच्या फ्रेटपलीकडची लांबी यांचे. एकोणीस फ्रेटांच्या दांडीच्या जागी वीस फ्रेटांची आणली तर तिचा फ्रेटबोर्ड खोबणीबाहेर येऊन पिकअपच्या झाकणावर चढू शकतो. खुंट्यांच्या भोकांचा व्यासही पाहून ठेवावा, नाहीतर दांडीबरोबर खुंट्यांचाही खर्च अंगावर येतो.

नव्या दांडीला पुष्कळदा स्क्रूंची भोके पाडलेली नसतात, आणि ती नसलेली बरी. जुन्या भोकांच्या खुणेवर डोळे मिटून भोके पाडणे हा या सबंध कामातला सर्वांत महाग पडणारा उतावळेपणा आहे. दांडी खोबणीत बसवून शिकंज्याने हलकी धरावी, दोन्ही कडेच्या तारा किंवा त्यांच्या जागी दोन मजबूत दोरे नटपासून घोडीपर्यंत ताणावे, आणि दोन्ही दोरे दांडीच्या कडांपासून शेवटच्या फ्रेटपाशी सारख्या अंतरावर आहेत याची खात्री झाल्यावरच, धडातल्या भोकांमधून अणकुचीदार खिळा घालून खूण करावी. मेपल इतके कठीण असते की भोकाशिवाय स्क्रू आत ढकलला तर त्याची मान मोडून तो आतच राहतो. म्हणून स्क्रूच्या गाभ्याएवढे भोक पाडावे, ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची सीमा निश्चित करावी, आणि आटे मेणावर किंवा साबणावर घासून मगच स्क्रू फिरवावा. दांडीला आधीचीच चुकीची भोके असतील तर त्यांत कठीण लाकडाच्या गोल काड्या सरसाने ठोकून, दुसऱ्या दिवशी नवी भोके पाडावी. तारा चढवल्यावर लगेच कांबीला हात लावू नये. नव्या दांडीला त्या साठ किलोग्रॅमच्या ओढीखाली काही दिवस राहू देऊन तिचा स्वभाव प्रकट होऊ द्यावा.

फ्रेटबोर्डाच्या लाकडाविषयी एक विषयांतर येथे क्षम्य ठरावे. फेंडर कारखान्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीस मेपलवर शिसवीचा फ्रेटबोर्ड चढवण्यास सुरुवात केली तेव्हा गिटारजगतात मान होता तो ब्राझीलच्या शिसवीला. पुढे तिची टंचाई झाली, १९९२ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली, आणि तिची जागा भारतीय शिसवीने घेतली, जी दक्षिणेच्या डोंगरांत वाढते आणि महाराष्ट्राच्या अरण्यांनाही अपरिचित नाही. जानेवारी २०१७ पासून सर्वच शिसववर्गीय लाकडांच्या देवघेवीला परवान्याची अट लागू झाली, आणि वाद्यनिर्मात्यांच्या तक्रारींनंतर २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना तीतून सूट मिळाली. तेव्हा परदेशाहून मागवलेली दांडी जेव्हा गोंदियाच्या स्थानकावर उतरते तेव्हा तिचा काळसर पृष्ठभाग कदाचित आपल्याच देशातून निघून जगप्रदक्षिणा करून परतलेला असतो. शिसवीच्या अंगात तेल असते, ती मेपलहून कमी आकुंचन पावते आणि तिला रोगण लागत नाही. आमच्या हवेसाठी मी तीच पसंत करीन.

खरेदीच्या बाबतीत गोंदियाचे स्थान मोठे मजेचे आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर हे जंक्शन जवळजवळ मध्यावर पडते. दोन्ही टोके हजार-हजार किलोमीटरच्या आसपास. एका टोकाला धोबीतलावजवळ १८६५ पासून चालत आलेली फुर्तादोंची पेढी, दुसऱ्या टोकाला कलकत्त्याच्या लालबाजारालगतची वाद्यांची दुकाने. भारतीय बनावटीची बरीच गिटारे कलकत्त्याची असतात, आणि तिकडची दांडी तिकडच्याच धडावर बसण्याचा संभव अधिक. म्हणून आपले वाद्य कोणत्या टोकाचे आहे हे पाहून चौकशीचे पत्र तिकडे धाडावे.

दांडी ठीक झाली की पिकअपकडे वळावे. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढ्यांची. वाद्याची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हालली की वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेले हे तत्त्व जॉर्ज बोशाम्प यांनी १९३०च्या आरंभी गिटारला लावले. स्वस्त आखूड बेसांत या ठिकाणी काटकसर फार दिसते. उदाहरणार्थ, स्क्वायरच्या ब्रॉन्को बेसवर सहा तारांच्या गिटारसाठी केलेला सहा ध्रुवांचा पिकअप चार तारांखाली बसवलेला असे. त्याने आवाज येत नाही असे नव्हे. पण चारही तारा सारख्या बोलतात की नाही, हे ध्रुव आणि तारा यांच्या मेळावर अवलंबून राहते. नवा पिकअप घेताना लोक त्याच्या रोधाचा आकडा विचारतात आणि जितके किलोओहम अधिक तितका पिकअप श्रेष्ठ असे मानतात. हा आकडा तारेची लांबी आणि जाडी सांगतो, आवाजाचा दर्जा सांगत नाही; बारीक तारेने तोच आकडा थोड्या वेढ्यांत गाठता येतो. फार वेढे दिले तर आवाज मोठा होतो आणि उंच स्वरांश बुजतात, म्हणजे ज्या धूसरपणावर उपाय करायचा तोच वाढतो.

आणि उपाय करायचा कशासाठी, याचे उत्तर मांडवातल्या भोंग्यांत आणि स्पीकरांत आहे. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात किंवा दुर्गोत्सवाच्या मंडपात जे स्पीकर लावतात त्यांतल्या फारच थोड्यांना ४१ आंदोलनांचा स्वर खऱ्या अर्थाने उमटवता येतो. भोंग्याला तर काही शेकड्यांच्या खाली गतीच नाही. तरीही श्रोत्याला खालचा स्वर ऐकू आल्याचा भास होतो, कारण ८२, १२३, १६४ असे त्याच स्वराचे वरचे अंश कानावर पडले की मेंदू त्यांच्या मुळाशी असलेला अनुच्चारित स्वर आपण होऊन भरून काढतो. जर हे अंशच पिकअपने टिपले नाहीत, तर मेंदूला आधार राहत नाही आणि बेसची जागा एका बोथट गुंजनाने घेतली जाते. आखूड तार स्वभावतःच मूळ स्वराकडे झुकलेली असते; म्हणून तिच्यासाठी मध्यम पट्टीत बोलका असलेला, बेताच्या वेढ्यांचा पिकअप निवडावा. घरी एकट्याने ऐकताना तो किंचित कोरडा वाटेल, मांडवात मात्र तोच समजेल.

पिकअप कोठे बसला आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. घोडीपासून वाजत्या लांबीच्या एक पंचमांशावर, म्हणजे ३० इंची बेसवर सुमारे १५२ मिलिमीटरवर तो असेल, तर खुल्या तारेचा पाचवा स्वरांश त्याला ऐकूच येत नाही, कारण त्या अंशाचा स्तब्ध बिंदू नेमका त्याच्या डोक्यावर येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास करून असे दाखवले होते की तार ज्या बिंदूवर छेडली तेथे स्तब्ध असणारे, आणि म्हणून नियमाप्रमाणे गैरहजर राहायला हवेत असे स्वरांशही घोडीच्या रुंद माथ्यावरील जवारीमुळे तंबोऱ्यात ठणठणीत ऐकू येतात. गिटारच्या टोकदार घोडीला ही किमया साधत नाही, आणि पिकअपला तर जे त्याच्या खाली हालत नाही ते अस्तित्वातच नसते. म्हणून ज्या बेसवर एकच पिकअप दांडीलगत आहे तिथे घोडीजवळ दुसरा बसवणे हा, असलेला पिकअप बदलण्यापेक्षाही, पुष्कळदा अधिक फलदायी खर्च ठरतो. फक्त धडात नवी खाच कोरावी लागते, आणि ते काम चांगल्या सुताराच्या हाती द्यावे.

जोडकाम अवघड नाही. जुन्या तारा कशा जोडल्या आहेत याचे चित्र काढून ठेवावे, डाख देताना तापलेले टोक आवाज कमीजास्त करणाऱ्या नियंत्रकाच्या पाठीवर फार वेळ टेकवू नये, आणि एकेरी वेटोळ्याचा पिकअप असेल तर २५० किलोओहमचे नियंत्रक कायम ठेवावे. मेणात बुडवलेले पिकअप मे महिन्यात बंद मोटारीत ठेवू नयेत. मेण मऊ होऊन वेढे सुटे झाले की तो पिकअप मोठ्या आवाजात शिटी घालू लागतो.

राहता राहिली गुणगुण. एकेरी वेटोळे आसपासच्या विजेच्या तारांचे क्षेत्रही इमानाने टिपते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा स्वर ४९ आंदोलनांचा, चौथ्याचा ५२ चा, म्हणजे ही गुणगुण बरोबर दोघांच्या मध्ये येऊन बसते आणि दोघांनाही बेसूर करते. यावर गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास दोन उलट वेटोळ्यांचा तोडगा काढला; दोन्ही वेटोळी तारेचा नाद एकमेकांत मिळवतात आणि बाहेरची गुणगुण एकमेकांत छेदून टाकतात. फेंडर यांनी १९५७ साली प्रिसिजन बेसवर हेच तत्त्व वेगळ्या रीतीने योजले: दोन तारांना एक अर्धा पिकअप, उरलेल्या दोघींना उलट गुंडाळलेला दुसरा अर्धा. आखूड बेससाठी या दुभंग नमुन्याचे लहान पिकअप मिळतात आणि मांडवात वाजवणाऱ्याने दुसऱ्या कशाचा विचार करण्याचे कारण नाही. पिकअपच्या खाचेच्या आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो भूमितारेला जोडला की उरलेली कुरकुरही बरीच शमते.

या भूमितारेचे प्रकरण मात्र आवाजापुरते राहत नाही. गिटारच्या तारा आणि घोडी याच तारेतून अ‍ॅम्प्लिफायरच्या भूमीशी जोडलेल्या असतात. गायकाचा माइक वेगळ्या यंत्रातून, कधी वेगळ्या जनित्रातून आलेला असतो, आणि दोघांपैकी एकाचे अर्थिंग खोटे असेल तर तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावणारा माणूस त्या दोहोंमधला पूल होतो. स्टोन द क्रोज या मेळ्याचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे भर कार्यक्रमात अशाच माइकच्या स्पर्शाने मृत्यू पावले. उघड्या शेतात किंवा शाळेच्या पटांगणात मांडव असेल तर मंडपवाल्याने जमिनीत ठोकलेली कांब खरोखर ओल्या मातीत गेली आहे काय, तिच्याभोवती मीठ-कोळसा घालून पाणी सोडले आहे काय, हे कार्यक्रमाआधी स्वतः पाहावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकून दोन भोकांत घुसवण्याची जी चाल सर्रास दिसते ती चालू देऊ नये. त्यानंतर मल्टिमीटर प्रत्यावर्ती (एसी) व्होल्टेजच्या मापावर ठेवून त्याचे एक टोक बेसच्या तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावावे, आणि काटा शून्यापाशी येत नाही तोवर वादकाने किंवा गायकाने कशालाही हात लावू नये.